सोसायट्यांच्या प्रश्नोत्तरांसाठी नवा मंच: दोन महिन्यांत नेमकं काय तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूड-कर्वेनगर भागातल्या सोसायट्यांच्या चेअरमन-सेक्रेटरी मंडळींचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. तेच ते प्रश्न दर महिन्याला येतात आणि कोणी मेहनतीने लिहिलेलं उत्तर संध्याकाळपर्यंत 'सुप्रभात'च्या फुलांखाली गाडलं जातं. म्हणून एका सभासदाच्या मुलाने प्रश्नोत्तरांचा मंच उभा करून दिलाय. दोन महिने वापरून बघायचं ठरलंय. किती लोक लागतील, सुरुवात कुठून करायची, आणि हे चालणार की नाही हे ओळखायचं कसं?

अशा मंचांवर मी बरीच वर्षं उत्तरं लिहिली आहेत, लोकांचे प्रश्न दुरुस्त केले आहेत, नियंत्रकाचं कामही केलंय. सोसायटीच्या कमिटीवरही बसलो आहे, त्यामुळे तुमच्या गटात काय चालत असेल याचा अंदाज आहे.

'किती लोक' हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. गटात प्रश्न विचारणारा असतो आणि उत्तर देणारा असतो. काम झालं की दोघंही विसरतात. प्रश्नोत्तरांचा मंच चालतो तो तिसऱ्या माणसासाठी. म्हणजे सहा महिन्यांनी, रात्री साडेदहाला, उद्याच्या सर्वसाधारण सभेच्या तयारीत फोनवर शोधत बसलेला वारज्यातला कुठलातरी सेक्रेटरी. त्याला तुमचं उत्तर सापडलं पाहिजे, समजलं पाहिजे, आणि ते आपल्या इमारतीला लागू आहे की नाही हे कोणालाही फोन न करता कळलं पाहिजे. दोन महिन्यांत तपासायचं ते एवढंच. सभासदसंख्या, प्रश्नांची संख्या हे आकडे दिसायला बरे असतात, पण त्यांवरून हे कळत नाही.

मंच कोणत्या सॉफ्टवेअरवर आहे हेही तितकं महत्त्वाचं नाही. याचा एक जुना दाखला आहे. प्रोग्रामरांसाठीचा 'स्टॅक ओव्हरफ्लो' २००८ मध्ये सुरू झाला आणि धडाक्यात चालला. जेफ अ‍ॅटवूड आणि जोएल स्पोल्स्की या त्याच्या दोन्ही संस्थापकांना आधीपासून मोठा वाचकवर्ग होता. पहिले प्रश्न आणि पहिली उत्तरं तिथूनच आली. मग २००९ मध्ये त्यांनी तेच सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्याने कोणालाही द्यायला सुरुवात केली: पैसे भरा, हव्या त्या विषयाचा मंच काढा. सॉफ्टवेअर तेच, पण असे बरेच मंच ओस पडले. २०१० मध्ये ती योजना गुंडाळून त्यांनी उलटी पद्धत आणली. नवा मंच हवा असेल तर आधी विषय मांडा, नमुन्याचे प्रश्न लिहा, ते लोकांकडून निवडून घ्या, मग 'मी इथे काम करीन' असं नाव नोंदवणारी माणसं गोळा करा, आणि मगच दार उघडेल. पुढच्या टप्प्यात जायला किमान १० मतं मिळालेले ४० नमुना प्रश्न लागायचे आणि नंतर २०० जणांची हमी. २०० चा आकडा जगभरातल्या लोकांसाठी होता, तो तुम्ही सोडून द्या. ४० प्रश्नांची अट मात्र जशीच्या तशी उचला.

म्हणजे मंच सगळ्या गटाला दाखवण्याआधी आठ-दहा जणांनी बसून चाळीस प्रश्न लिहून काढायचे. मनाने रचायचे नाहीत. गटातली जुनी चॅट उघडा, तिथे सगळा माल पडलेला आहे. पार्किंग, भाडेकरू, वरच्या मजल्यावरून होणारी गळती, हस्तांतरण शुल्क, सिंकिंग फंड, कन्व्हेयन्स, टँकरचा खर्च, कुत्री. यातल्या निम्म्या-अधिक प्रश्नांची उत्तरंही तुम्हीच लिहा. स्वतः प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देण्यात कमीपणा काही नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवर तर त्याला उघड उत्तेजन आहे. रिकाम्या मंचावर पहिला प्रश्न विचारायला कोणी धजावत नाही. आधीचे चाळीस दिसले की लोकांना कळतं, इथे काय विचारायचं आणि कसं विचारायचं.

आता 'कसं विचारायचं' याकडे जरा नीट बघू. खरी मेहनत इथेच आहे. तुमच्या गटात हा प्रश्न नक्की येऊन गेला असणार:

'नमस्कार. आमच्याकडे तळमजल्यावरचे सभासद लिफ्टचा खर्च द्यायला नाही म्हणतात. काय करावे? कृपया मार्गदर्शन करावे.'

गटात याला पाच मिनिटांत चार उत्तरं येतात. एक म्हणतो, द्यावाच लागतो. दुसरा म्हणतो, आमच्याकडे आम्ही सूट दिली आहे. तिसरा कुठलीशी कात्रण चिकटवतो. चौथा हात जोडतो. चौघांपैकी कोणीही विचारत नाही की तुमची सोसायटी आहे की अपार्टमेंट.

पुण्यात हा फरक फार मोठा आहे. आपल्याकडे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या सोसायट्या आहेत, तशाच महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट, १९७० खालच्या अपार्टमेंटही भरपूर आहेत. गेटवरच्या पाटीवर जाऊ नका. पाटीवर 'अपार्टमेंट' असतं आणि आत नोंदणीकृत सोसायटी निघते, उलटंही असतं. शेअर सर्टिफिकेट मिळालं असेल तर सोसायटी, 'डीड ऑफ अपार्टमेंट' झालं असेल तर अपार्टमेंट. आणि उत्तर इथेच दुभंगतं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, लिफ्टचा देखभाल-दुरुस्तीचा आणि चालवण्याचा खर्च, ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सगळ्या सभासदांत सारखा वाटायचा असतो, कोणी लिफ्ट वापरो वा न वापरो. म्हणजे तळमजलाही आला. अपार्टमेंटमध्ये मात्र सामाईक खर्च सारखा वाटला जात नाही. सामाईक जागेतल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो, आणि ती टक्केवारी डिक्लरेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या नोंदणीकृत घोषणापत्रात, लिहिलेली असते. तिथे तीन बीएचकेवाल्याला वन बीएचकेवाल्यापेक्षा जास्त भरावं लागतं आणि ते योग्यच असतं.

तेव्हा मंचावर तोच प्रश्न असा यायला हवा:

'नोंदणीकृत सोसायटीत तळमजल्यावरच्या सभासदांना लिफ्टच्या देखभालीचा खर्च द्यावा लागतो का? आमची सोसायटी १९६० च्या कायद्याखाली नोंदलेली आहे, आदर्श उपविधी स्वीकारलेले आहेत. एकच इमारत, एक लिफ्ट. तळमजल्यावरच्या सभासदांचं म्हणणं, आम्ही लिफ्ट वापरत नाही. सर्वसाधारण सभेत याबद्दल कधी ठराव झालेला नाही.'

शीर्षकातच पूर्ण प्रश्न आहे, 'मार्गदर्शन हवे' असं नाही. कायदा कोणता ते आहे, उपविधी कोणते ते आहे. ठराव झालाय की नाही हेही आहे, कारण उत्तर देणारा तिसऱ्या ओळीत तेच विचारणार. आणि 'नमस्कार', 'कृपया' गेलं. याचा आपल्या लोकांना राग येतो, हे मला माहीत आहे. पण शोधणाऱ्या तिसऱ्या माणसाच्या फोनवर पहिल्या दोन ओळीच दिसतात, आणि तिथे नमस्कार दिसून त्याचं काही भागत नाही.

असा प्रश्न पहिल्या फटक्यात कोणी लिहिणार नाही. ती अपेक्षाच ठेवू नका. म्हणून तुम्हाला उत्तर देणाऱ्यांच्या आधी संपादन करणारी दोन-तीन माणसं लागतील. प्रश्न आला की खाली विचारायचं, 'शेअर सर्टिफिकेट आहे ना?', आणि उत्तर मिळालं की प्रश्नातच ते भरून टाकायचं. टिप्पणीत सोडायचं नाही. दुसऱ्याच्या लिखाणाला हात लावायला आपण बिचकतो. नियमातच पहिल्या दिवशी लिहून ठेवा की इथे कोणाचाही प्रश्न कोणीही सुधारू शकतो आणि जुनं रूप इतिहासात राहतं. निवृत्त शिक्षक किंवा वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलेलं कोणी तुमच्यात असेल तर हे काम त्यांना द्या. कायदा माहीत नसला तरी चालेल, किंबहुना बरंच.

उत्तरालाही एक शिस्त हवी: 'आमच्याकडे असं करतात' हे वेगळं आणि 'नियम असा आहे' हे वेगळं. दोन्ही लिहा, पण वेगवेगळ्या परिच्छेदांत. उदाहरणार्थ भाडेकरू ठेवल्यावर लागणारं ना-भोगवटा शुल्क. शासनाच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, सेवाशुल्क मोजताना महापालिकेचे कर धरायचे नाहीत, आणि आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी अशी जवळची माणसं राहत असतील तर ते घ्यायचंच नाही. 'आमच्याकडे महिन्याला ठोक हजार घेतो आणि कोणी तक्रार केलेली नाही' हीसुद्धा माहिती आहे, पण ते नियमाचं उत्तर नव्हे. गटात या दोन गोष्टींची खिचडी होते, आणि ती खिचडी मग सेंट्रल बिल्डिंगमधल्या सहकार आयुक्तालयापर्यंत अर्जांच्या रूपाने जाते.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांचं काय? ते पुसू नका. नव्या प्रश्नाला जुन्या उत्तराचा दुवा जोडून बंद करा आणि तसाच राहू द्या. कोणी 'लिफ्टचा खर्च' म्हणून शोधेल, कोणी 'ग्राउंड फ्लोअर मेंटेनन्स' म्हणून, कोणी 'उद्वाहन शुल्क' म्हणून. प्रत्येक दारातून आत आलेला माणूस त्याच एका उत्तरापाशी पोचला पाहिजे.

मराठीत याची गरज इंग्रजीपेक्षा जास्त आहे, आणि मंच बांधणाऱ्या मुलाला हे मुद्दाम सांगा. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि शब्दाचं रूपही बदलतात. 'पाणी' असं शोधलं तर 'पाण्याच्या टाकीचा खर्च' हा प्रश्न साध्या शोधयंत्राला सापडत नाही. 'गच्ची' शोधणाऱ्याला 'गच्चीवरच्या' हा शब्द नशीब चांगलं असेल तरच दिसेल. शिवाय 'व्हॉट्सॲप'मधला ॲ दोन प्रकारे टाइप होतो, 'ऱ्या'तला रसुद्धा दोन प्रकारे होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. साठवताना आणि शोधताना ही रूपं एकाच साच्यात आणायला सांगा. त्यावरही सगळे देवनागरीत टाइप करतील या भ्रमात राहू नका. निम्मे लोक 'lift' हा शब्द इंग्रजी अक्षरांत शोधतात, असं म्हणायची सवय मला आहे, पण तुमच्या मंचावर ते प्रमाण किती ते शोधपेटीच्या नोंदीतून काढा. लोकांनी काय शोधलं आणि काहीच सापडलं नाही, ही यादी दर रविवारी काढून घ्या. दोन महिन्यांतला तो सर्वांत मोलाचा कागद असेल.

आणखी एक बारीक गोष्ट. पानाच्या पत्त्यात मराठी शीर्षक घालू देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवलं की ते टक्क्यांच्या चिन्हांची हातभर माळ होऊन बसतं आणि ज्येष्ठ मंडळी व्हायरस आला म्हणून गटात ओरडा करतात. पत्त्यात नुसता प्रश्नाचा क्रमांक ठेवा.

कारण व्हॉट्सअ‍ॅप गट बंद करायचा नाहीये. तो बंद करायला निघालात तर मंच पहिल्या आठवड्यात झोपेल. गटात प्रश्न आला की एकाने तो मंचावर टाकायचा, उत्तर तिथे लिहायचं आणि दुवा गटात द्यायचा. 'इथे विचारू नका, तिकडे विचारा' असं कोणाला सांगायचं नाही. पुण्यात पाट्यांची कमतरता नाही, मंचावर आणखी लावायला नकोत. बंद केलेल्या प्रश्नाखाली जो ठरीव मजकूर येतो तोही तुम्ही स्वतः लिहा. 'हा प्रश्न विषयाबाहेर आहे' याऐवजी 'याचं उत्तर वकीलच देऊ शकतील, कारण यात तुमचा करारनामा वाचावा लागेल' असं कारणासकट लिहिलं तर माणूस परत येतो.

मतदानाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवर उणे मत दिलं की उत्तर लिहिणाऱ्याचे दोन गुण जातात आणि उत्तराला उणे मत देणाऱ्याचाही एक जातो. अनोळखी लोकांत ही व्यवस्था ठीक चालते. तुमच्या मंचावर लोक एकमेकांना ओळखतात, एका दुकानातून दूध आणतात. सत्तरीतल्या माजी ऑडिटर काकांच्या उत्तराला उणे दोन पडलेलं दिसलं की ते पुन्हा यायचे नाहीत, आणि उत्तर चुकीचं असूनही कोणी उणे मत द्यायचंही नाही. चाचणीपुरतं उणे मत बंद ठेवा. त्याऐवजी 'या उत्तराला आधार हवा' असं एक बटण ठेवा. त्यात अपमान नाही, आणि काका स्वतःहून उपविधी उघडतील.

काकांवरून आठवलं. प्रत्येक गटात असा एक जण असतो, ज्याला सगळं माहीत असतं आणि जो सगळ्यांना उत्तरं देतो. चाचणीत तो सोन्यासारखा वाटतो. पण ऐंशी टक्के उत्तरं त्याचीच असतील तर ती चाचणी मंचाची नाही, त्याची झाली. तो मुलीकडे अमेरिकेला सहा महिने गेला की संपलं. म्हणून त्याला सुरुवातीलाच विनंती करा: पहिले चोवीस तास उत्तर द्यायचं नाही, इतरांनी लिहिलेलं तपासायचं. हे सांगायला अवघड आहे, पण 'तुम्ही शेवटचा शब्द द्या' असं म्हटलं की बहुतेक जण मानतात.

एआयकडून उत्तर लिहून घेऊन चिकटवणारे तुमच्याकडेही येतील. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्ये, चॅटजीपीटी आल्यावर आठवड्याभरातच, अशा उत्तरांवर बंदी घातली. कारण ती वाचायला बरोबर वाटायची आणि बऱ्याचदा चुकलेली असायची. आपल्या विषयात हा धोका जास्त आहे. सोसायटी आणि अपार्टमेंट यांचे नियम एकत्र कालवून, वर दुसऱ्याच राज्याचा एखादा नियम पेरून अस्खलित मराठीत उत्तर येतं. प्रश्नाची भाषा सुधारायला वापरलं तर चालेल. उत्तराला वापरू नका.

आणि नावं. याबद्दल कडक राहा. 'आमचे बी विंगमधले अमुक दोन वर्षं मेंटेनन्स थकवून बसलेत' असा प्रश्न गटात खपतो, कारण गट बंद असतो. मंच गूगलला दिसतो. थकबाकीदाराचं नाव, फ्लॅट नंबर, बिल्डरचं नाव, नोटिशीचा फोटो यांतलं काहीही दिसलं की आधी काढायचं, मग लिहिणाऱ्याला कळवायचं. इथे चर्चा नको. पहिले काही आठवडे मंच फक्त सभासदांना दिसेल असा ठेवलात तर आणखी बरं. तेवढ्यात सवय लागते.

आता चाललं की नाही कसं ओळखायचं. स्टॅक एक्स्चेंजवाले, म्हणजे स्टॅक ओव्हरफ्लोचीच मंडळी, त्यांच्या नव्या मंचांसाठी जे आकडे बघायचे त्यांत ९० टक्के प्रश्नांना उत्तर, प्रत्येक प्रश्नाला सरासरी अडीच उत्तरं आणि दिवसाला १० ते १५ प्रश्न असं होतं. दिवसाला दहा प्रश्न तुमच्याकडे कधीच येणार नाहीत आणि यायची गरजही नाही. सोसायट्यांना रोज दहा नव्या अडचणी येत नाहीत, जुन्याच येतात. ९० टक्क्यांचा निकष घ्या. त्याला दोन गोष्टी जोडा. एक, दुसऱ्या महिन्यात उत्तरं लिहिणारी वेगवेगळी माणसं किती. पाच-सहा असतील तर तब्येत बरी आहे. दोन, गटात कोणीतरी, तुम्ही न सांगता, मंचावरचा जुना दुवा उत्तर म्हणून टाकला का? हे किती वेळा घडलं ते मोजा. सातव्या-आठव्या आठवड्यातही दुवे फक्त तुम्हीच टाकत असाल तर मंच बंद करून त्या चाळीस प्रश्नोत्तरांची एक पीडीएफ करा. तीही उपयोगाचीच वस्तू आहे.

शेवटची गोष्ट आजच करून टाका, कारण नंतर होत नाही. 'याहू आन्सर्स' २००५ पासून चाललं आणि ४ मे २०२१ ला बंद झालं. लोकांना आपापला मजकूर उतरवून घ्यायला जूनअखेरपर्यंत मुदत दिली होती. तुमचा मंच एका मुलाच्या खात्यावर, त्याच्या कार्डावर चालू आहे. तो उद्या बंगळुरूला गेला, कार्ड बदललं, तर काय? डोमेन आणि सर्व्हरचे पासवर्ड आणखी दोघांकडे द्या, आठवड्याची प्रत दुसऱ्या जागी जाईल अशी सोय करा, आणि नोंदणीच्या पानावर एक ओळ घाला की इथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहे, श्रेय देऊन कोणीही वापरू शकेल. पन्नास जण नोंदल्यानंतर ही ओळ घालायची म्हटली तर प्रत्येकाची पुन्हा संमती घेत बसावी लागेल.